काकांच्या गाडीला हवा कमी पडते

जगात जेवढी हवा आहे तेवढी आपल्याला पुरते असं मानणारी सगळी माणसं एकीकडे आणि ती कमी पडते असं मानणारे आमचे घरमालक काका एकीकडे, अशी माणसांची सरळ वाटणी करता येते. मी त्या दुसऱ्या बाजूला कधी जाऊन उभी राहिले ते मला नक्की सांगता येणार नाही. पाचोडजवळच्या आमच्या खेड्यातून मी विज्ञान शिकायला छत्रपती संभाजीनगरात आले आणि सिडकोतल्या त्यांच्या घराच्या गच्चीवरची खोली बघायला गेले, तेव्हा माझे वडील सोबत होते. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे शहरातले घरमालक काय काय विचारतात याची आम्हा दोघांनाही धास्ती होती. वडिलांनी बसमध्ये माझ्याकडून सगळी उत्तरं पाठ करून घेतली होती, गाव कुठलं, घरी कोण कोण, बारावीला टक्के किती, रात्री किती वाजता दिवा बंद करणार. शिवाय घरची मोसंबी पिशवीत भरून घेतली होती. काकांनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी टेबलाच्या खणातून एक लाल फुगा काढला, माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "फुगव." मी वडिलांकडे पाहिलं, वडिलांनी मोसंब्यांकडे पाहिलं. चुलीवर फुंकणी फुंकून माझी छाती तयार होतीच, त्यात भीतीही होती, त्यामुळे मी जरा जास्तच जोर लावला असेन. फुगा फाटकन् फुटला. आतून काकूंचा आवाज आला, "झालं का? ह्या पोरीला तरी खोली देणार का अजून एक फोडायला लावणार?" काका हसत म्हणाले, "दिली दिली. दम हाय पोरीत." परत जाताना बसस्टँडवर वडिलांनी बराच वेळ विचार करून मला विचारलं, "शहरात असंच बघत्यात का गं भाडेकरू?" मी म्हणाले, "असंल."

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. तिथं ते नकाशे काढत. जायकवाडीचं पाणी कुठल्या शिवारातून कसं वळवायचं याच्या बारीक निळ्या रेघा त्यांनी आयुष्यभर ओढल्या, आणि निवृत्त झाल्यावर हात मोकळा राहिला म्हणून की काय, ते हवेकडे वळले. "पाणी अन् हवा सख्खे भाऊ हायत," ते मला सांगत. "थोरला दिसतो, धाकटा दिसत नाय, एवढाच फरक. थोरला मी आयुष्यभर वळवला. धाकटा काय, पोरगंच ते." त्यांच्या मते शहरातली हवा सगळीकडे सारखी नव्हती. जालना रोडवरची हवा एकदा चावून टाकलेली, हिमायतबागेतली कोवळी, आणि पैठण गेटला संध्याकाळी जी मिळते ती नुसती दुसऱ्यांच्या तोंडून आलेली. लग्नाला गेले की ते पंगतीत भाजी कुठून वाढत येते हे न बघता वारं कुठून येतंय ते बघून बसत, आणि म्हणून बहुतेक वेळा जिलबी त्यांच्यापर्यंत पोचायच्या आत संपलेली असे. जेवायच्या आधी हवेचे चार मोठे घोट घ्यावेत, म्हणजे अन्नाला आत जागा होते, असाही त्यांचा एक सिद्धान्त होता. एकदा त्यांचे व्याही जेवायला आले असताना त्यांनी त्यांनाही ताटावर तसं बसवलं. व्याही भिडेखातर डोळे मिटून श्वास घेत राहिले, काका "अजून, अजून" म्हणत राहिले, आणि काकूंच्या पुरणपोळ्या थंड झाल्या. काकू म्हणाल्या, "पाहुण्याला हवाच चारायची व्हती तर मला सकाळपासून पुरण कशाला वाटायला लावलं?"

पण हे सगळं किरकोळ होतं. काकांची खरी काळजी होती ती त्यांच्या मोटारीची. घरासमोर कडुनिंबाच्या बाजूला ती उभी असे, लहानशी, जुनी, कधीकाळी पांढरी असावी अशी. ती चाले, पण चढ आला की अडून बसे. कोणी म्हणे इंजिन थकलं, कोणी म्हणे पिस्टन झिजले. काका सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "नाय हो. तिला हवा कमी पडतीय." त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, हे मी विज्ञान शिकते म्हणून सांगते. इंजिनात पेट्रोल जळतं ते हवेबरोबर, आणि हवा जास्त कोंबली तर पेट्रोलही जास्त जाळता येतं, ताकद वाढते. मोठ्या गाड्यांत त्यासाठी आयतं यंत्रच बसवलेलं असतं. काकांना ते यंत्र नको होतं. विकतची हवा त्यांना मान्य नव्हती. "आपल्या घरात एवढी हवा हाय," ते म्हणत, "फक्त तिला वाट दाखवायचीय."

गाडीच्या चढण्याचा आणि काकूंच्या बसण्याचा संबंध मला पहिल्या महिन्यातच कळला. मंगळवारी काकू देवीला निघाल्या. दारात रिक्षा आली, काकू रिक्षात बसल्या, आणि मागून काकांनी आपली मोटार काढून रिक्षाच्या मागं लावली. मोटारीत काका एकटेच. पुढं रिक्षा, मागं मोटार, अशी ती वरात गल्लीतून निघाली. मला वाटलं, काहीतरी सामान आणायचं असेल. पण लग्नाला, दवाखान्यात, भाजीला, सगळीकडे ते असेच जात. काकूंचे ठरलेले रिक्षावाले चाचा आरशात बघून विचारत, "भाभी, साब पिच्छे रै गए, हल्लू लेऊं क्या?" आणि काकू म्हणत, "चलू द्या तुम्ही. येतील ते हवा खात खात." शेवटी एकदा मी गवार निवडता निवडता काकूंना विचारलंच. लग्नाला थोडीच वर्षं झाली असताना काकांनी ती गाडी घेतली होती आणि पहिल्याच रविवारी काकूंना, काकूंच्या आईला आणि दोन बहिणींना घेऊन म्हैसमाळला निघाले होते. शेवटच्या उभ्या चढाला गाडी थांबली. सगळ्या बायका नव्या साड्यांनिशी उतरल्या आणि चालत वर गेल्या, वाटेत एका मेंढपाळाच्या शेळ्यासुद्धा त्यांना मागं टाकून पुढं गेल्या. घरी आल्यावर काकूंनी सांगून टाकलं, "ज्या दिवशी ही गाडी मला न उतरवता म्हैसमाळ चढंल, त्या दिवशी हिच्यात बसंन." एवढं सांगून त्यांनी गवारीची शीर इतक्या जोरात ओढली की मी पुढं काही विचारलं नाही.

तेव्हापासून काका हवा कोंबत होते. मी यायच्या आधी त्यांनी एका गणेश मंडळाचा जुना कर्णा आणून बोनेटवर तोंड पुढं करून बसवला होता, म्हणजे गाडी पळेल तसा वारा आपोआप आत भरेल. वारा भरला की नाही कोण जाणे, पण गाडी वेगात आली की कर्ण्यातून असा भोंऽऽ आवाज निघे की लोक निवडणूक लागली समजून दारात येत. मग लोहाराचा भाता आला. तो पायानं दाबायचा होता. काका आठवडाभर सराव करत होते, उजवा पाय अॅक्सिलरेटरवर, डावा भात्यावर, आणि गिअर बदलताना क्लचसाठी तिसरा पाय शोधत ते क्षणभर बावरून खाली बघत. समोरच्या घराचं कुंपण त्या क्षणात गेलं. काकूंनी ते कुंपण स्वतः उभं राहून नीट करून घेतलं आणि भाता लोहाराकडे परत पोचवला. जाताना लोहाराला म्हणाल्या, "पुन्हा मागायला आले तर म्हणायचं, मोडला."

कूलरचा प्रयोग मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. आमच्याकडे उन्हाळ्यात घरात देव नसला तर चालेल पण कूलर पाहिजे. ऐन वैशाखात काकांनी कूलरचा पंखा आणि मोटर काढली, पत्र्याचं नळकांडं करून गाडीला जोडली, आणि वीज घरातून लांब वायरनं नेली. मी गच्चीवरून बघत होते. गाडी सुरू झाली, पंखा घरघरला, आणि खरं सांगते, गाडी अशी ऐटीत निघाली की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. गल्लीच्या मध्यापर्यंत ती फार सुंदर गेली. तिथं वायर संपली. काका खाली उतरले, ताणलेल्या वायरीकडे पाहिलं, मग म्हैसमाळच्या दिशेला पाहिलं, आणि बोटांवर काहीतरी हिशोब करायला लागले. दारातून काकू पदरानं वारा घेत म्हणाल्या, "वर्षभर वायर जोडत बसा आता. तोवर गाडीला गार वारा अन् मला घाम."

त्यानंतर त्यांनी ट्रॅक्टरची ट्यूब टम्म फुगवून टपावर बांधली आणि नळीनं ती हवा इंजिनात सोडली. ट्यूब इतक्या लवकर रिकामी झाली की गाडीला कळलंच नसेल, पण रिकामी होताना तिनं जो आवाज केला त्यावरून गल्लीतली मुलं अजून हसतात. त्या संध्याकाळी मी धीर करून काकांना म्हणाले, "काका, रागावू नका, पण मला वाटतं, मला नक्की माहीत नाही, पण इंजिन स्वतःच खूप हवा ओढतं. आपण पंख्यानं देतो त्याच्यापेक्षा जास्तच." मला वाटलं, त्यांचं मन मोडेल. त्यांचे डोळे चमकले. "म्हंजी आपण पाजतो त्याहून ती जास्त पिते?" मी म्हणाले, "हो, तसंच." ते गाडीच्या बोनेटवर हात ठेवून हळूच म्हणाले, "बिचारी. एवढी तहानलेली हाय अन् एका शब्दानं बोलली नाय." मी अभ्यासाला वर गेले, पण माझं वाचनात लक्ष लागेना. अंधारात पडल्या पडल्या मला सगळ्या शहरावरून हवा वाहत चालल्याचं दिसत राहिलं, जायकवाडीच्या पाण्यावरून उठलेली, मोसंबीच्या बागांतून आलेली, आणि खाली ती छोटी पांढरी गाडी तोंड उघडून उभी.

भाद्रपद संपताना पुण्याहून त्यांच्या मुलाचा फोन आला. दिवाळीला आलो की गाडीचं बघून टाकू, तिचं वय झालं, आता ती रस्त्यावर ठेवता येणार नाही, एवढंच तो म्हणाला. त्यात वाईट काही नव्हतं. पण काका त्या दिवसापासून प्रयोगांबद्दल बोलायचे थांबले. दुपारी ते बंद गाडीत जाऊन बसत, दोन्ही हात स्टेअरिंगवर, आणि समोरच्या कडुनिंबाकडे बघत राहत. शेजारची सीट रिकामी. काकू स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते बघत आणि दूध उतू जाई. एका दुपारी त्या जिना चढून माझ्या खोलीत आल्या. त्या कधी वर येत नसत, गुडघे दुखतात त्यांचे. कॉटवर टेकल्या, दम घेतला आणि म्हणाल्या, "पोरी, तुझ्या त्या फिजिक्समधी काय इलाज हाय का नाय? दिवाळी आली जवळ."

मला इलाज माहीत नव्हता. पण आमच्या घरी उफणणीचा पंखा आहे हे माहीत होतं. वारं पडलं की खळ्यावर हातानं फिरवायचा तो लोखंडी पंखा, पत्र्याच्या गोल पेटीत बसवलेला, ज्याच्यासमोर बाजरी ओतली की दाणे खाली पडतात आणि भुसा लांब उडतो. मी काकांना सांगितलं तेव्हा ते उभेच राहिले. वायर नाही, ट्यूब नाही, हात फिरेल तेवढा वारा! पुढच्याच आठवड्यात मोसंबीच्या टेम्पोत बसून पंखा मोंढ्यातल्या बाजारात आला. त्याच्याबरोबर आईचा निरोपही होता. पंख्याच्या पेटीत मूठभर धान्य आणि भुसा तसाच असतो, तो झाडायचा नाही. आमच्याकडे सुगी झाली की पंखा तसाच झाकून ठेवतात, रिकामा केलेला पंखा पुढच्या साली रिकामाच फिरतो म्हणतात. काकांच्या हातात फडकं तयारच होतं. निरोप ऐकून त्यांनी ते खाली ठेवलं, पंख्याला हात जोडले आणि म्हणाले, "माउलीचा शब्द हाय. राहू दे."

पंखा मागच्या सीटवर बसला, त्याच्या शेजारी मी. पंख्यापासून इंजिनापर्यंत वारा न्यायला नळी पाहिजे होती, ती काकूंनी शिवली. जुन्या जाड परकराची, बारीक फुलांची, दुहेरी शिवणीची. "उसवली तर मला बोलायचं नाय," त्या म्हणाल्या, पण आठवडाभर मशिनीवर वाकून त्यांनी ती अशी शिवली होती की तिच्यातून पाणीसुद्धा गळालं नसतं. ती मागच्या खिडकीतून बाहेर काढून, पुढच्या खिडकीखालून बोनेटपर्यंत नेली, आणि फिल्टरच्या डब्याला सुतळीनं बांधली. गल्लीत मी पंखा हळूहळू फिरवून पाहिला. परकर डुलायला लागला. काका म्हणाले, "बास. बाकीचा जोर शेवटच्या चढासाठी ठेव."

रविवारी सकाळी काकू त्या गाडीत बसल्या. मी आयुष्यात काही मोठी दृश्यं पाहिली नाहीत, पण काकूंनी साडीचा काठ सावरून त्या सीटवर बसणं आणि काकांनी त्यांचं दार स्वतः लावून घेणं, हे मला मोठंच वाटलं. काका इतके घाबरले होते की किल्ली फिरवायच्या आधी त्यांनी हॉर्न वाजवला. कोपऱ्यावरचे रिक्षावाले चाचा रिक्षातून बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "भाभी," ते ओरडले, "अब मेरा क्या होंगा?" सिग्नलला एका ट्रॅफिक हवालदारानं काठी त्या फुगलेल्या नळीला लावून विचारलं, "हे काय आहे?" काका खरं बोलणारे. म्हणाले, "परकर." हवालदार आणखी काही विचारणार होता, पण काकूंचा चेहरा बघून त्यानं आम्हाला जाऊ दिलं.

दौलताबाद मागं गेलं, घाट गेला, खुलताबाद गेलं. मी पंखा हलक्या हातानं फिरवत होते. दोन्ही बाजूंना गवत पिवळं पडायला लागलं होतं आणि त्यात सोनकीची फुलं होती. परकर काकूंच्या खिडकीखाली फुगे आणि बसे, फुगे आणि बसे, एखादं जनावर झोपेत श्वास घेतं तसा. काकूंनी एकदा हात बाहेर काढून त्याला थोपटलंसुद्धा. "भरलं बघ पोट," त्या म्हणाल्या. पंख्याच्या फिरण्याची गुंगी माझ्या डोळ्यांवर आली होती, आणि मला वाटत होतं की हा रस्ता असाच राहावा, कुठंच पोचू नये.

मग तो शेवटचा उभा चढ आला. काकूंनी मांडीवरची पिशवी घट्ट धरली. गाडी कण्हायला लागली. काका ओरडले, "पोरी, हाण आता!" मी उभी राहता येईल तेवढी उभी राहिले आणि दोन्ही हातांनी पंखा गरागरा फिरवला. परकर टरारला. मी शपथेवर सांगते, गाडी उचलल्यासारखी पुढं गेली, थोडीच, पण गेली, काकांनी "हां!" केलं, काकूंनीही "हां!" केलं. आणि मग बोनेटखालून खोकल्यासारखा आवाज आला, धुरळा उठला, गाडी दोनदा थरथरली आणि थांबली. मी खाली उडी मारून मागच्या चाकाखाली दगड सरकवून उटी लावली. काकांनी बोनेट उघडलं, फिल्टरचं झाकण काढलं. आत आमच्या शेताची बाजरी होती. हळू फिरवताना तळाशी बसून राहिलेला भुसा मी जोर लावल्यावर उठला होता आणि सगळाच्या सगळा नळीतून जाऊन फिल्टरवर बसला होता. दुहेरी शिवणीतून एक कणसुद्धा बाहेर सांडला नव्हता.

काका मुठीत भुसा घेऊन उभे राहिले. त्यांचं वय मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. ते काकूंच्या बाजूला आले, दार उघडलं आणि खाली बघत म्हणाले, "उतर आता. तुझं बरोबर व्हतं."

"मी नाय उतरत," काकू म्हणाल्या.

"अगं, चढत नाय ती."

"नाय तर नाय. बसू इथंच."

"तूच म्हणली व्हतीस ना, न उतरवता चढली तर..."

"मी काय म्हणले ते तुम्हाला अजून कळलं नाय," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा टोचरा नव्हता. "त्या दिवशी तुम्ही उतरा म्हणले, आम्ही उतरलो. गाडी हलकी झाली अन् निघाली भुर्रकन्. मला वाटलं, पुढच्या वळणाला थांबलेत. वळणावर नाय. त्याच्या पुढं नाय. माझी आई दगडावर बसत बसत वर आली. अन् तुम्ही वर उभे राहून हात हलवत व्हतात. चढली, चढली म्हणून."

काकांनी मुठीतला भुसा खाली सोडला. मग अगदी हळू म्हणाले, "थांबवली असती तर पुन्हा निघाली नसती ती."

"नसती निघाली तर नसती. बसलो असतो सगळे रस्त्यावर. भाकरी व्हती सोबत." काकू समोर बघत होत्या. "मला गाडीचा कशाला राग येईल? मशीन हाय ती."

मी तोंड फिरवून रस्त्याच्या कडेच्या गवताकडे बघत राहिले. इतकी वर्षं काका कर्णे, भाते, कूलर आणि ट्यूब घेऊन गाडीच्या मागं लागले होते. काकू कशासाठी रुसल्या आहेत हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं, आणि काकूंनी ते कधी सांगितलं नव्हतं. माझ्या आईवडिलांमध्येही अशी काही गोष्ट असेल का, असं माझ्या मनात आलं, आणि मला एकदम घरची आठवण झाली.

मग काकांनी सुतळी सोडली. परकराची नळी काढून तिची नीट घडी केली, ती काकूंच्या मांडीवर ठेवली. फिल्टर दगडावर आपटून आपटून साफ केला, दाणे रस्त्यावर पसरले. पंखा आम्ही दोघांनी उचलून कडेच्या झुडपाआड ठेवला, ओझं कमी व्हावं म्हणून, उतरताना परत घ्यायचा असं ठरवून, आणि मी म्हणाले, "मी चालते काका. मला सवय आहे." गाडी सुरू झाली. पहिल्या गिअरमध्ये ती निघाली, माझ्या चालण्याच्या वेगानं. उटीचा दगड उचलून मी तिच्या मागं मागं चालत होते. थोडं वर गेल्यावर, गाडी अजून थांबायला तयार नसताना, काकांनी ती स्वतः थांबवली. मी दगड लावला. इंजिन धापा टाकत होतं. काकूंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, आधी काकांना दिली, मग खिडकीतून मला. "दम खाऊ द्या तिला," त्या म्हणाल्या. आम्ही तिथं तसेच थांबलो. एक बस आम्हाला ओलांडून गेली, खिडक्यांतून लोकांनी बघितलं, काकूंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की जणू आपण मुद्दामच थांबलो आहोत. मग पुन्हा निघालो, पुन्हा थांबलो. अशीच ती गाडी चढली, म्हाताऱ्या माणसानं देवळाच्या पायऱ्या चढाव्यात तशी. वर पोचल्यावर काकांनी हात हलवले नाहीत, ते ओरडले नाहीत. इंजिन बंद केलं आणि स्टेअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

दिवाळीत मुलगा आला आणि गाडी गेली. ते कसं झालं ते मी लिहीत नाही, कारण मी तेव्हा गावाकडे होते आणि मला ते ऐकायचंही नव्हतं. कडुनिंबाजवळची जागा आता मोकळी आहे. मंगळवारी चाचांची रिक्षा येते आणि तिच्यात दोघं शेजारी शेजारी बसून देवीला जातात.

मला मात्र म्हैसमाळचा तो दुपार कलल्यानंतरचा वेळ आठवत राहतो. भाकरी खाऊन झाल्या होत्या. पठारावर वारं सुटलं होतं, गवत एका बाजूला झुकत होतं आणि पुन्हा उभं राहत होतं, खाली दूरवर सगळं धूसर निळं. काकू गाडीतून उतरल्याच नव्हत्या, दार उघडं ठेवून सीटवरच जेवल्या होत्या, आणि बोलता बोलता त्यांना झोप लागली. मान एका बाजूला, परकराची घडी अजून मांडीवर. मी म्हणाले, "काका, निघायचं का?" त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. उघडं दार त्यांनी इतक्या हळू ओढून घेतलं की त्याचा आवाजसुद्धा झाला नाही. वारा खिडकीतून आत घुसत होता, काकूंचा पदर उडवत होता. काका चालकाच्या बाजूनं आत वाकले, काकूंच्या अंगावरून हात लांब केला आणि काचेचा दांडा फिरवायला लागले. थोडा फिरवायचे, थांबून काकूंकडे बघायचे, पुन्हा थोडा.

"वारं लागंल तिला," ते कुजबुजले.

काच हळूहळू वर गेली. मग ते माझ्या शेजारी दगडावर येऊन बसले, आणि आम्ही काकूंची झोप संपायची वाट बघत राहिलो.